तिथी कोणी पुसली

माझ्या माहेरच्या माणसानं मला फसवलं आणि ठपका बसला माझ्या नवऱ्यावर. मुद्दा एवढाच आहे. पण अलिबागच्या बाजारात ही गोष्ट वाकडी करून सांगितली जाते असं माझ्या कानावर आलंय, म्हणून आता मी ती सरळ करून सांगते.

किहीमला आमच्या चार खोल्या आहेत, नारळाच्या वाडीत, समुद्राकडे तोंड करून. मला त्या कुणी आयत्या दिल्या नाहीत. मी आतल्या भातशेतीच्या गावातली. लग्न होऊन इथं आल्यावर कितीतरी उन्हाळे मी अलिबागच्या रस्त्याकडेला बसून पांढऱ्या कांद्याच्या माळा विकल्या. मुंबईची गाडी थांबली की काच खाली यायच्या आत गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून भाव ठरवायचा, हे मी तिथं शिकले. आणि शेतकऱ्याकडून माळा घेताना माळ मधोमध उचलायची, हेही. खराब कांदा वरच्या टोकाला नसतो, खालच्या टोकालाही नसतो. तो मधे असतो, पातीच्या विणीत दडवलेला. त्या माळांवर आधी एक खोली उभी राहिली, मग दुसरी. गवंड्याशी, सुताराशी, नळवाल्याशी, सगळ्यांशी मी भांडले आणि सगळ्यांकडून काम चोख करून घेतलं.

आमचे हे किहीमचेच. सरकारी कचेरीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. घरात वाटणी सरळ आहे. भांडण माझ्याकडे, समुद्र त्यांच्याकडे.

समुद्र त्यांच्याकडे म्हणजे काय ते सांगते. आमच्या वाडीसमोर, जरा उत्तरेला, ओहोटीला खडक उघडा पडतो. त्याला आम्ही खडप म्हणतो. शंख, खेकडे, समुद्रफुलं, फटीफटीत काय काय असतं. पाहुणे ते बघायला वेडे होतात. पण खडप आणि किनारा यांच्यामधे एक खोलगट चर आहे, आणि भरती लागली की पाणी आधी त्या चरात शिरतं. खडपावर उभ्या असलेल्या माणसाला समोर कोरडा खडक दिसत राहतो आणि पाठीमागे वाट बुडालेली असते. गावातल्या माणसाला हे ठाऊक असतं, पाहुण्याला नसतं. म्हणून भर कधी, ओहोट कधी, हे पाहुण्याला रोज सांगावं लागतं.

ह्यांचा हिशोब जुना, त्यांच्या वडिलांकडून आलेला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचारला भर, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास ओहोट पुरी. त्याच्या मागेपुढे दीड तास खडप मोकळं. त्यात पुनवेचं, अवसेचं उधाण असलं, वारा असला, तर ते आणखी हात राखून सांगायचे.

आमची वेबसाइट त्यांनीच बनवली होती. एका पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असताना कुठूनसं एक सॉफ्टवेअर सीडीवर आणलं आणि कंप्युटरसमोर बसले. पडद्यावर चौकोन काढायचे, चौकोनात फोटो नाहीतर मजकूर टाकायचा, आणि शेवटी एक बटण दाबलं की सगळं इंटरनेटवर चढायचं. दिसायला ती साइट म्हणजे लग्नपत्रिका होती. निळी पट्टी, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात हलणारं नारळाचं झाड. मी हसायचे. पण सगळ्यात वर एक ओळ होती, तिला मी कधी हसले नाही. ‘आज शुद्ध पंचमी. खडपावर सकाळी साडेआठ ते साडेअकरा. नंतर थांबू नये.’ रोज सकाळी अंघोळ झाली की ते पंचांग बघून ती ओळ बदलायचे, बटण दाबायचे, आणि मगच चहा. पाहुणे खोलीत लोळत फोनवर ती ओळ वाचायचे आणि तेवढ्याच वेळात जाऊन यायचे. इतक्या वर्षांत आमच्या घरच्या पाहुण्याचा पाय चुकीच्या वेळी ओला झाला नाही. आजूबाजूच्या कॉटेजवाल्यांची माणसंसुद्धा आमची ओळ बघूनच खाली उतरायची.

मग ते सॉफ्टवेअर म्हातारं झालं. बनवणाऱ्या कंपनीनं ते सोडून दिलं. फोनवर आमची साइट उघडली की अक्षरं मुंगीएवढी दिसायची. पाहुणे म्हणायला लागले, काकू, काहीतरी करा. नवी सॉफ्टवेअरं आली होती, ज्यात सीडी नाही, काही नाही, सगळं इंटरनेटवरच करायचं. तेव्हा ह्यांना बरोबर घेऊन मी अलिबागला ह्या माणसाकडे गेले.

हा माझ्या माहेरच्या गावचा. वयानं चाळिशीचा, साइटी बनवण्याचा धंदा, काचेचं दार असलेलं ऑफिस. त्याचं घर आमच्या घरापासून बांधाएवढं लांब. म्हणून मला आत्या म्हणतो.

“आत्या, हे सॉफ्टवेअर मेलंय,” तो म्हणाला.

“मेलंय तर रडू नको. हलवायचं काय घेणार ते बोल.”

त्यानं आकडा सांगितला. मी हसले. मग त्यानं कागदावर फोड करून दाखवली. हलवणं एवढं, नवं रूप एवढं, शिकवणं एवढं.

“शिकवणं काढ,” मी म्हटलं. “ह्यांना कंप्युटर येतो. तू शाळेत जात होतास तेव्हापासून येतो.”

“आत्या, नवीन वेगळं असतं.”

“वेगळं म्हणजे? डावीकडचं बटण उजवीकडे गेलं असेल. सापडेल त्यांना.”

तो हसला आणि त्यानं शिकवणं काढलं. मग मी माझी अट घातली. जसंच्या तसं हलवायचं, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. आणि ज्या दिवशी हलवशील त्या दिवशी मला फोन करायचा.

“जसंच्या तसं, आत्या. आणि फोन करतो. माहेरचा माणूस हाय मी, बाहेरचा हाय का?”

मी पिशवीतून कांद्याची माळ काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती उचलून कपाळाला लावली. परत येताना रिक्षात ह्यांनी एकच गोष्ट विचारली. “ती वरची ओळ नव्यात कुठून बदलायची, ते विचारलंस का?”

“सांगेल तो,” मी म्हटलं. “फोन करणार आहे.”

फोन आला नाही. मला वाटलं, अजून काम चालू आहे. घाई नको म्हणून मीही विचारलं नाही. हे रोज सकाळी आपल्या कंप्युटरवर ओळ बदलत होते, बटण दाबत होते, चहा घेत होते.

मधे एकदा ठाण्याची पोरं आली होती, ती खडपावरून चडफडत परत आली. “काकू, पाणी तर उतरलंच नाही. तिथं खडक दिसतच नाही!”

“उठलात किती वाजता?” मी विचारलं.

“साइटवर लिहिलेल्या वेळेत गेलो होतो,” त्यांच्यातला एकजण म्हणाला.

“लिहिलेल्या वेळेत तुम्ही घोरत होता. मी ऐकलंय.” बाकीची पोरं हसली, तोही हसला आणि विषय मिटला.

आता त्या सकाळचं सांगते. आमच्याकडे दर हिवाळ्यात एक आजोबा येतात, पुण्याहून, मुलीबरोबर. त्यांना शंखांचा नाद. हातात काठी, गळ्यात भिंग. आले की आधी विचारणार, “कुठे आहेत आमचे समुद्रवाले?” ह्यांना ते समुद्रवाले म्हणतात. दोघं ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायचे. आमच्या ह्यांना जगात कुणी नावाजलं असेल तर त्या एका माणसानं. एकदा त्यांनी कुणालातरी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं, “नाही हो, सरकारी तक्ता नको. इथं एक माणूस आहे, त्यानं लिहिलं म्हणजे झालं.”

ह्या खेपेला ते संध्याकाळी उशिरा आले, जेवले आणि झोपले. सकाळी ह्यांना बँकेच्या कामासाठी पहिल्या एसटीनं अलिबागला जायचं होतं. जायच्या आधी ते कंप्युटरपाशी बसले. मी चहाचा कप ठेवायला गेले तेव्हा पडद्यावर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. ‘आज वद्य तृतीया. खडपावर सकाळी साडेसात ते साडेनऊ. उधाणाचे दिवस, त्यानंतर कोणीही थांबू नये.’ त्यांनी बटण दाबलं आणि निघाले.

आजोबा उठले उशिरा. मी घावन घातले. नारळाच्या चटणीबरोबर त्यांनी हळूहळू खाल्ले. उठता उठता नऊ वाजून गेले होते.

“समुद्रवाले नाहीत?”

“अलिबागला गेलेत. दुपारी भेटतील.”

“मग आम्ही खडपावर जाऊन येतो.”

“वेळ बघितलीत?” मी चुलीपाशी, पाठमोरी.

“बघितली ना काकू,” मुलगी म्हणाली. “साडेअकरापर्यंत आहे.”

“मग जा सावकाश.”

असं मी म्हणाले. पुढचे घावन उलटले. ओळ घराची, घरानं सांगितलं साडेअकरा, म्हणजे साडेअकरा. सकाळी वाचलेलं डोक्यात कुठं होतं? डोक्यात होता पाडेली. नारळ पाडायला तो त्याच दिवशी आला होता आणि कच्चे नारळ पाडू नको म्हणून मी मधूनमधून खिडकीतून ओरडत होते.

भांडी झाली. दुसऱ्या दिवशी संकष्टी, तेव्हा साबुदाणा आहे का बघावं म्हणून डबा उघडला. होता तेवढा पुरणार नाही असं मनात म्हणतेय तोच हात थांबला. उद्या संकष्टी म्हणजे आज तृतीया. तृतीयेला साडेअकरापर्यंत खडप मोकळं? ह्या घरात इतकी वर्षं काढल्यावर एवढं मलाही कळतं. संकष्टीच्या सकाळी न्याहारीला पाणी मागे गेलेलं असतं आणि दुपारचा वरणभात शिजायच्या आधी ते परत आलेलं असतं. त्याच्या आदल्या दिवशी ते त्याहून लवकर येतं. आणि उधाण.

मी डबा तसाच टाकला.

“अरे, खाली उतर!” मी झाडाखालून ओरडले. “दोरी घेऊन ये!”

“काय झाला, काकी? आजून दोन झाडा ऱ्हायलीत.”

“म्हातारा माणूस खडपावर हाय. उतर!”

तो सरसर खाली आला. वाडीच्या कुंपणातून आम्ही पुळणीवर उतरलो. समुद्र दिसला. चर भरला होता. पांढरा फेस घेऊन पाणी उत्तरेकडून आत घुसत होतं आणि त्याच्या पलीकडे खडपाच्या उंचवट्यावर ती दोघं उभी होती. आजोबा अजून वाकून फटीत काहीतरी दाखवत होते. मुलगी आमच्याकडे पाठ करून उभी. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मी हाक मारली. लाटांच्या आवाजात माझा आवाज, जो अलिबागच्या रस्त्यावर चालत्या गाडीच्या काचेतून आत जायचा, तो पोचेना. मी पदर सोडून हवेत फिरवला. मुलीनं वळून पाहिलं, हात हलवला, हसली. मग तिची नजर खाली चराकडे गेली.

तिनं वडिलांचा हात धरला आणि पाण्याकडे ओढायला लागली. ते सगळ्यात वाईट. चरात भोवरा असतो.

“नको! थांब तिथंच!” पाडेली ओरडला. त्यानं दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या, मला अलीकडच्या मोठ्या दगडाशी बसवलं. “काकी, पाय लावून बसा. मी वढलं का वढा. सोरू नका, काय झाला तरी.” आणि तो शिरला.

पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. एकदा डोकं दिसेनासं झालं. दोरी माझ्या तळहातातून सरकत होती आणि कातडं सोलत होती. मी देवाचं नाव घेतलं नाही, शिव्या घातल्या. पाण्याला घातल्या, ह्यांना घातल्या. हो, ह्यांनाही. त्या क्षणी मला वाटलं की ह्यांनीच चुकीचं लिहिलं.

त्यानं आधी आजोबांना आणलं, पाठीवर घेऊन, दोरी काखेतून गुंडाळून. मग मुलीला. आजोबांची काठी गेली, भिंग गेलं, कानातलं ऐकायचं यंत्र गेलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. ते माझ्याकडे बघत होते, पण मी काय बोलतेय ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

घरी आणून त्यांना घोंगडी पांघरली, आल्याचा काढा पाजला, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, बरे आहेत, थंडी भरलीय, नशीब. डॉक्टर गेले आणि मुलगी फुटली.

“काकू, तुमच्या साइटवर लिहिलंय! साडेअकरा! हे बघा!”

तिचा फोन खोलीतच राहिला होता म्हणून वाचला. तिनं तो माझ्या तोंडासमोर धरला. साइट मी ओळखलीच नाही. निळी पट्टी नाही, नारळाचं झाड नाही. मोठा सुंदर फोटो, पांढरी जागा आणि वर ठसठशीत अक्षरात एक ओळ. ‘आज खडपावर: सकाळी ८.३० ते ११.३०’.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. काय चुकतंय ते आधी कळेना. मग कळलं. तिथी नव्हती.

हे दुपारी आले. अंगणातच मी त्यांना सांगितलं. चप्पल न काढता ते खोलीत गेले. “मी साडेनऊ लिहिलं होतं,” एवढंच म्हणाले.

मुलीनं फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग उठून आपल्या कंप्युटरपाशी गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. “माझ्याकडे साडेनऊच दिसतंय.”

“म्हणजे काका, आम्ही खोटं बोलतोय?”

ह्यांनी चष्मा काढून हातात धरला. मी बोलले असते, पण काय झालंय ते मला तरी कुठं माहीत होतं? इतक्यात आजोबांनी ह्यांचा हात धरला. त्यांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण चेहरे दिसत होते. ते मोठ्यानं बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. “जाऊ दे हो, समुद्रवाले. वय होतं. माझंही झालंय. होतात चुका. पण आता तुम्ही नका लिहू. जोखीम मोठी आहे.”

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं गेली. मी उपाशीपोटी अलिबागला. संकष्टीचा उपास आणि माझा स्वभाव, दोन्ही त्याच्या काचेच्या दारावर एकदमच आदळले. हे माझ्या मागे, हातात पंचांग. कशाला घेतलं होतं देव जाणे.

“या आत्या, बसा. चहा?”

“उपास आहे. साइट कधी हलवलीस?”

“झाले की पंधरा दिवस. मस्त झालीय ना?”

“पंधरा दिवस हे सकाळी ओळ बदलतायत ती कुठं जातेय?”

तो ह्यांच्याकडे बघून हसला. “काका, तुम्ही अजून जुन्यातच करताय? जुनं आता फक्त तुमच्या मशीनवर हाय. लोक बघतात ते नवीन. तुम्ही बटण दाबता ते बंद घरात दिवा लावल्यासारखं.”

ह्यांनी मान खाली घातली. ती घातलेली मान मी पाहिली आणि टेबलावर हात आपटला.

“मला फोन करणार होतास.”

“मेल टाकला होता, आत्या. साइटच्या मेलवर.”

“त्या मेलची चावी, तो पासवर्ड, कुणाकडे?”

“ती… ती पण नव्यात हलवली ना. माझ्याकडंच हाय सध्या.”

“म्हणजे तू स्वतःलाच पत्र टाकलंस. आणि तिथी?”

“कुठली तिथी?”

“‘आज वद्य तृतीया’, ‘आज शुद्ध पंचमी’, ती तिथी. जसंच्या तसं म्हणाला होतास.”

“अहो आत्या, तिथी कोणाला कळते आता? मुंबईच्या गेस्टला तुम्ही वद्य-शुद्ध सांगणार? फोनवर दोन ओळी होत होत्या. क्लीन केलं.”

“तिथी पुसलीस आणि ‘आज’ ठेवलास.”

“हां.”

“कुठला आज?”

तो गप्प. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं गप्प केली आहेत. गप्प झालेला माणूस एक तर भाव उतरवतो, नाहीतर उलटतो. हा उलटला.

“शिकवणं तुम्हीच काढलंत, आत्या. मी म्हणलो होतो वेगळं असतं.”

“शिकवणं मी काढलं. सांगणं काढलं नव्हतं. एक फोन! आणि तिथी पुसायचे मी तुला काही दिले नव्हते, ते तू पदरचं केलंस.” माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण काचेपलीकडे दोन माणसं थांबली. “तिथी असती तर त्या म्हाताऱ्यानं नजर टाकली असती. त्याला कळते तिथी. तृतीया असताना पंचमी लिहिलेली त्याला दिसली असती. तो पाण्यात उतरलाच नसता.”

तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं. हळूच म्हणाले, “ती ओळ पंचमीचीच आहे. मी लिहिलेलीच. तिच्यात खोटं काही नव्हतं.” आणि पंचांग उघडून त्याच्यासमोर धरलं, त्या दिवसावर बोट ठेवून. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

“एक काम करतो,” तो म्हणाला. “भरती-ओहोटीचं रेडिमेड मिळतं, ते चिकटवून देतो. आपोआप बदलत राहील. काकांना त्रासच नको. फुकट.”

फुकट. मला.

“ते मी तुझ्याकडे मागितलं नाही,” मी म्हटलं. “तू त्या आजोबांना फोन लाव. आत्ता. नंबर मी देते. आणि सांग, वेळ ह्यांनी बरोबर लिहिली होती, मी पंधरा दिवसांपूर्वीची ठेवली आणि तिथी पुसली.”

“आत्या, मी फोन केला तर चूक माझी ठरते.”

“कुणाची आहे?”

“आता… सिस्टिम बदलली की होतं असं.”

मग घरी येऊन आजोबांच्या मुलीला मी स्वतःच फोन केला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग जपून, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, “काकू, राहू दे आता. काकांवर आमचा राग नाही.” बायको नवऱ्याची बाजू घेतेय असंच तिला वाटलं. माझी भाषा तिथं संपली. मी कितीही खरं सांगितलं तरी ते माझ्या तोंडून खरं ठरणार नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्यानं पुसली त्याच्याच तोंडून ते ठरेल.

आणि तो बाजारात काय सांगतो? काकांचं वय झालंय, चुकीच्या ठिकाणी बटण दाबत बसले, बिचारे.

नवी साइट आता माझ्या ताब्यात आहे. चावी मी त्याच्या ऑफिसात बसून घेतली, घेतल्याशिवाय उठले नाही. ओळ कुठून बदलायची तेही शिकले, फोनवर व्हिडिओ बघून. कठीण काही नाही. ती चुकीची ओळ मी त्याच दिवशी काढून टाकली. पण तिथं दुसरी ओळ आलेली नाही. ह्यांना मी म्हटलं, मी टाकते, तुम्ही फक्त वेळ सांगा. ते नाही म्हणाले. परवा एका पाहुणीनं ओट्यावर येऊन विचारलं, काका, खडपावर कधी जाऊ? समोर समुद्र, मांडीवर पंचांग, आणि हे म्हणाले, “गावात कुणाला तरी विचारा.”

ह्या घरात मी पुष्कळ भांडणं ऐकली, बहुतेक माझीच. इतकं वाईट वाक्य मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा माहेरच्या माणसा, हे तुझ्यासाठी. तुझं रेडिमेड नको, तुझं फुकट नको. बाजारात माझ्या स्वभावाबद्दल काय सांगायचं ते सांग, त्यातलं बरंचसं खरं असेल. पण तो फोन तुलाच करायला लागेल. आजोबांनी नवं यंत्र घेतलंय, आता त्यांना ऐकू येतं. त्यांना सांग ओळ कुणी लिहिली होती, आणि मग सांग तिथी कोणी पुसली. नाही सांगणार? मग माझ्या अंगणात ये, ओट्यावर ह्यांच्यासमोर उभा राहा, आणि समुद्राकडे न बघता मला उत्तर दे. कोणी पुसली?